धुराच्या कागदांची बाई

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी, कारखान्याचा भोंगा व्हायच्या आधीच, धूरबाई तिसऱ्यांदा पासवर्ड टाकत होत्या. थोडा वेळ हात लावला नाही की सरकारी पोर्टल माणसाला बाहेर काढतं, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं. आज ते आत घ्यायलाच आढेवेढे घेत होतं. शेवटी पान उघडलं. चाचणीचा निकाल लाल अक्षरांत होता. कार्बन मोनॉक्साइड मर्यादेबाहेर. नमुना नापास.

त्यांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा लावला. आकडा तोच राहिला.

कारखाना लहान आहे. पाण्याच्या पंपाला, फवारणीच्या यंत्राला, गवत कापायच्या मशीनला लागणारी छोटी पेट्रोल इंजिनं तिथे बनतात. अशा प्रत्येक प्रकारच्या इंजिनासाठी दरवर्षी सरकारकडून धुराचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. तपासनीस येतात, गोदामातल्या तयार मालातून स्वतः एक इंजिन निवडतात, सील करतात आणि प्रयोगशाळेत घेऊन जातात. पास झालं तर वर्षभर माल गेटबाहेर जातो. नापास झालं तर दोन दिवसांत कारण लिहून द्यायचं, खाली सही करायची आणि पुढे सरकार सांगेल ते ऐकायचं. ती सही धूरबाईंची असते.

नाव कामगारांनी ठेवलेलं आहे आणि आता त्यांना तोंडावर त्याच नावाने हाक मारली जाते. लग्नानंतर वर्षभरातच त्या इथे टायपिस्ट म्हणून आल्या. पुढे धुराचे नियम पहिल्यांदा लागू झाले, तेव्हा थोरल्या मालकांनी कागदांचा गठ्ठा त्यांच्या टेबलावर टाकला आणि म्हणाले, ‘‘बघा जरा. टायपिंगच तर आहे.’’ ते टायपिंग अजून संपलेलं नाही. दरम्यान नियम बदलले, मग बदललेले नियम बदलले. कागद जाऊन पोर्टल आलं, आणि पोर्टलवर चढवलेल्या प्रत्येक गोष्टीची कागदी प्रतही पाठवावी लागू लागली. थोरले मालक वारले, खुर्चीवर त्यांचा मुलगा आला. धूरबाई त्याच खोलीत राहिल्या, एका बाजूला फायलींचं कपाट आणि दुसऱ्या बाजूला कंप्रेसरची भिंत, जी दिवसभर थरथरते. इंजिन त्यांनी आजवर स्वतः सुरू केलेलं नाही. कुणी विचारलं तर सांगतात, ‘‘स्वयंपाकाची परीक्षा घेणारीने प्रत्येक वेळी चूल पेटवलीच पाहिजे असं नाही.’’

निकालाची प्रिंट घेऊन त्या शॉपमध्ये, म्हणजे इंजिनं जुळवतात त्या शेडमध्ये, गेल्या.

लाइनच्या टोकाला शेवटच्या तपासणीचा बाक आहे. तयार झालेलं प्रत्येक इंजिन तिथे एकदा सुरू करून पाहतात. त्या बाकावर मिस्त्री बसतात. ते धूरबाईंचे धाकटे दीर. त्यांना इथे चिकटवलं तेही धूरबाईंनीच.

‘‘भावोजी, फवारणीचा नमुना नापास झालाय. त्या इंजिनाला तुम्ही काही केलं होतं का?’’

‘‘त्याला वेगळं काय करायचं? सगळ्यांना करतो तेच.’’

‘‘सगळ्यांना काय करता?’’

मिस्त्रींनी एक इंजिन पुढ्यात ओढलं. कार्बुरेटरवर हवा आणि पेट्रोल यांचं प्रमाण ठरवणारा एक छोटा स्क्रू असतो. तो कुणी फिरवू नये म्हणून त्यावर प्लॅस्टिकची टोपी बसवलेली असते; नियमच आहे तसा. मिस्त्रींनी एका जुन्या पेचकसाचं टोक लायटरवर गरम केलं, टोपीच्या कडेला लावलं, टोपी अलगद उचलली, स्क्रू किंचित फिरवला आणि टोपी पुन्हा दाबून बसवली. दोरी ओढली. इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं.

‘‘बघा. बटण दाबल्यासारखं.’’

पेट्रोल वाढलं की इंजिन लवकर उठतं. पण ते पुरतं जळत नाही, आणि अर्धवट जळलेलं धुरातून कार्बन मोनॉक्साइड होऊन बाहेर पडतं. प्रयोगशाळेच्या यंत्राने एवढंच टिपलं होतं.

‘‘टोपी काढायची नसते, भावोजी.’’

‘‘परत लावतो की. टोपी जागच्या जागी आहे.’’

‘‘कधीपासून चाललंय हे?’’

‘‘गेल्या थंडीपासून. आठवतंय ना, किती इंजिनं परत येत होती? गिऱ्हाईक म्हणायचं, दोरी ओढून ओढून खांदा निखळला. साहेबांनीच सांगितलं, मिस्त्री, काहीतरी करा. केलं. माल परत यायचा थांबला. साहेबांनी अख्ख्या शॉपला चहा पाजला, माझ्या पाठीवर थाप मारली. कसं केलं हे विचारलं का कुणी? तुम्ही तरी विचारलंत?’’

धूरबाईंनी विचारलं नव्हतं. परत आलेल्या मालाचे कागद कमी झाले, यातच त्यांना समाधान होतं.

‘‘वहिनी, मला एक सांगा. इंजिन चालू झालं पाहिजे की कागद?’’

‘‘कागद बंद पडला तर इंजिन गेटपर्यंतसुद्धा जात नाही.’’

शेजारच्या बाकावरचा फिटर म्हणाला, ‘‘मिस्त्री, धूरबाईंच्या फायलीलाही थोडं पेट्रोल वाढवून द्या, एका झटक्यात उठेल.’’ आसपासचे हसले. मिस्त्रीही हसले. धूरबाईंनी प्रिंटची घडी घातली आणि त्या मालकांच्या केबिनकडे निघाल्या.

धाकटे मालक त्यांना काकू म्हणतात. लहानपणी शाळा सुटल्यावर ते त्यांच्याच टेबलाखाली बसून गृहपाठ करायचे. त्यांनी निकाल वाचला, सगळी हकीकत ऐकली, दार लावून घेतलं.

‘‘काकू, कार्बुरेटरच्या जेटमध्ये दोष होता असं लिहा. पेट्रोल सोडणारं बारीक छिद्रच ते, एखादा जेट खराब निघूच शकतो.’’

‘‘आणि गोदामातला बाकीचा माल?’’

‘‘सुट्टीच्या दिवशी मिस्त्रींना बसवू. सगळे स्क्रू पुन्हा जागेवर. तपासनीस दुसरा नमुना नेतील, तो पास होईल. विषय संपला.’’

‘‘बाहेर गेलेली इंजिनं?’’

‘‘गेली ती गेली.’’ मालकांनी डोळे चोळले. रात्री झोप झालेली नसावी. ‘‘खरं लिहिलंत तर आजच गोदामाला सील लागेल. विक्रेत्यांना पत्रं धाडावी लागतील. आणि काकू, सरकारला दाखवायला कारवाई लागते. मिस्त्रींना मला त्या बाकावर ठेवता येणार नाही. तुमचेच दीर आहेत. माझ्यापेक्षा तुम्हीच विचार करा.’’

‘‘काहीतरी करा म्हणून तुम्हीच सांगितलं होतं त्यांना.’’

‘‘टोपी काढा असं नव्हतं सांगितलं.’’

‘‘टोपी काढू नका असंही नव्हतं सांगितलं.’’

उद्या पाच वाजेपर्यंत वेळ आहे, एवढं म्हणून धूरबाई उठल्या.

धूरबाई आणि मिस्त्री एकाच घरात राहतात. खाली थोरली पाती, वर धाकटी. बातमी त्यांच्या आधी घरी पोचली होती. संध्याकाळी त्या भाजी निवडत होत्या, तेवढ्यात जाऊबाई खाली उतरल्या आणि स्वयंपाकघराच्या दारातच थांबल्या.

‘‘ताई, घरच्या माणसाची जागा घालवणारी सही एका हाताने होते की दोन्ही हात लावावे लागतात?’’

‘‘अजून काही लिहिलेलं नाही मी.’’

‘‘पण लिहिणार. मी ओळखते ना तुम्हाला. स्टेपलरची पिन वाकडी गेली तरी तुम्ही काढून पुन्हा मारता.’’

‘‘फॉर्मात कुणाचं नाव लिहायला जागाच नसते गं.’’

‘‘नाव कशाला हवं? त्या बाकावर दुसरं कोण बसतं? भूत?’’

धूरबाईंचे यजमान बाहेर वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी पान उलटलं. जाऊबाई वर गेल्यावर म्हणाले, ‘‘मला यातलं काही कळत नाही.’’

‘‘तुमचं बरं आहे,’’ धूरबाई म्हणाल्या आणि निवडलेली भाजी धुवायला उठल्या.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर त्यांनी फॉर्म उघडला. ‘नापास होण्याचे कारण’ या रकान्यात त्यांनी आधी जेटचंच लिहिलं. जेटच्या छिद्राच्या मापात फरक. वाक्य सुबक होतं. अशी वाक्यं त्यांना झोपेतही लिहिता येतात. ते लिहिताच खाली नवा रकाना उघडला. सदर दोष पुन्हा उद्भवू नये म्हणून काय उपाययोजना केली, ते लिहा. त्याचा अहवाल यापुढील प्रत्येक वार्षिक अर्जासोबत जोडा.

धूरबाई खुर्चीत मागे टेकल्या. म्हणजे जेटची तपासणी सुरू झाल्याचं दाखवायचं. तिचा तक्ता बनवायचा. पुढच्या वर्षी तो जोडायचा. त्याच्या पुढच्या वर्षी तोच तक्ता नव्या तारखा घालून, आणि नव्या तारखा जुन्यांशी जुळतात की नाही ते पाहून. तपासनीस बदलले की नव्यांना सगळं पहिल्यापासून समजावून सांगायचं. निवृत्तीला अजून काही वर्षं आहेत. नंतर ही फाइल कुणाच्या तरी गळ्यात घालून जायचं, आणि जाताना त्यातलं खोटं कुठलं आहे तेही सांगून जायचं.

त्या उठल्या आणि शॉपमध्ये गेल्या. मिस्त्री बाकावर होते, पण आज लायटर दिसत नव्हता.

‘‘भावोजी, आहे तसं लिहितेय.’’

‘‘विचारायला आलात की सांगायला?’’

‘‘सांगायला.’’

‘‘मग झालं.’’ ते पुढच्या इंजिनाकडे वळले.

खोलीत परत येईपर्यंत पोर्टलने त्यांना बाहेर काढलं होतं. पासवर्ड, मग मोबाइलवर आलेला आकडा, मग पुन्हा पहिलं पान. जेटचं वाक्य त्यांनी पुसलं. लिहिलं: ‘अंतिम तपासणीत मिश्रणाच्या स्क्रूवरची टोपी काढून स्क्रू फिरवला जात होता. व्यवस्थापनाने त्यावर लक्ष ठेवले नाही.’ रकान्यात एवढी अक्षरं मावत नव्हती. दुसरं वाक्य गाळलं असतं तर मावलं असतं. त्यांनी ‘अंतिम तपासणीत’च्या जागी नुसतं ‘तपासणीत’ घातलं, ‘व्यवस्थापनाने’च्या जागी ‘आम्ही’ घातलं, आणि दोन्ही वाक्यं बसवली. सोबतची फाइल आधी मोठी झाली म्हणून परत आली, मग पुसट दिसते म्हणून. पाचाला थोडा वेळ असताना पोच मिळाली.

त्यांनी पोच मालकांच्या टेबलावर नेऊन ठेवली. मालकांनी ती दोनदा वाचली.

‘‘काकू, तुम्ही मला तरी सांगायचं होतंत आधी.’’

‘‘साहेब, खरं एकदाच लिहायचं असतं. जेटचं दरवर्षी लिहावं लागलं असतं. माझ्यात आता तेवढा दम नाही.’’

‘‘आणि ‘आम्ही’ म्हणजे कोण?’’

‘‘तुम्ही आणि मी. सही माझी आहेच.’’

गोदामाला सील लागलं. आठवडाभर माल हलला नाही आणि गेटवरचा वॉचमन कंटाळून येणाऱ्याजाणाऱ्या सायकलींच्या नोंदी करू लागला. विक्रेत्यांना पत्रं गेली. त्यातल्या काहींनी फोन करून सांगितलं की इंजिन छान चालतंय, हात लावू देणार नाही. मिस्त्रींचा बाक एका नव्या फिटरकडे गेला. पगार तोच ठेवून मालकांनी त्यांना गोदामाच्या कामावर घेतलं. मिस्त्रींनी बाकाच्या खणातली हत्यारं फडक्यात गुंडाळून घरी नेली. तेव्हापासून ते वहिनींशी कामापुरतंही बोलत नाहीत. जाऊबाई बोलतात, पण वरच्या जिन्यावरून आणि दुसऱ्या कुणाला तरी उद्देशून.

आज दुपारी सरकारचा आदेश आला. गोदामातल्या प्रत्येक इंजिनाचा स्क्रू मूळ जागी आणायचा आणि काढताच तुटेल अशी नवी टोपी बसवायची. काम करणारा एक आणि साक्षीदार दुसरा, दोघांच्या सह्या हव्यात. साक्षीदार अर्जावर सही करणारी व्यक्तीच असली पाहिजे. स्क्रू कुणी फिरवायचे हे मालकांनी ठरवलं: ज्याने फिरवले त्यानेच.

उद्या सकाळी साडेआठला तपासनीस गोदामाचं सील काढतील. मिस्त्री एकेक इंजिन पुढ्यात घेतील आणि धूरबाई समोर बसून त्याचा क्रमांक मोठ्याने वाचतील. जेवणाची सुट्टी साडेबाराला आहे; तोवर दोघं समोरासमोरच.