नाहीतर-बाई

कुठलीही फुशारकी मारा, बाई एकच शब्द विचारायच्या, "नाहीतर?" म्हणून कॉलेजात त्यांचं नावच पडलं नाहीतर-बाई. अर्थशास्त्र शिकवायच्या. "मी आरवलो म्हणून उजाडलं, असं कोंबड्यानं सांगू नये," असं वर ऐकवायच्या.

एकोणीसशे ऐंशीनंतर गर्दची, म्हणजे ब्राउन शुगरची, पुडी कोल्हापुरापर्यंत पोचली आणि आम्ही कॉलेजातली पोरं पेटलो. मी जळजळीत पत्रकं लिहायची, मित्रांनी ती पेठापेठांतून वाटायची. शिवाय आमच्या तालमीत रोज संध्याकाळी पोरांचा कुस्तीचा वर्ग. सगळा खर्च तालमीच्या वर्गणीतून.

वर्षभरानं मी छाती फुगवून सांगितलं, "बाई, आमच्या पेठेत एकही पोरगं पुडीला शिवलं नाही!"

"नाहीतर शिवलं असतं, कशावरून?"

आणि बाई स्वतःच छत्री बगलेत मारून हिंडायला लागल्या. नुसती पत्रकं गेलेल्या पेठेत, काहीच न गेलेल्या पेठेत. आयांशी बोलायच्या, पानपट्टीवाल्यांना छेडायच्या.

वर्गणीच्या बैठकीत तालमीचे वस्ताद कडाडले, "आपल्यात पुडी कोण ओढतंय? कोण न्हाय! मग पैसा कशाला घालायचा? वर्ग बंद!"

माझं रक्त उसळलं. पण आवाज आला उंबऱ्याबाहेरून. तालमीत बायकांनी पाऊल टाकायचं नसे, म्हणून बाई तिथंच उभ्या होत्या.

"वस्ताद, लाल मातीत ताक-हळद कशाला घालता?"

"खरचटलं तर चिघळू ने म्हणून की."

"कुणाचं चिघळलंय?"

"कुणाचं न्हाय! घालतोय म्हणूनच न्हाय!"

"नाहीतर?"

वस्ताद मांडीवर थाप मारून गडगडाटी हसले. "बाई, चितपट केलंसा की!"

वर्ग वाचला! मी घोषणा द्यायला उठलो, तोच बाई म्हणाल्या, "थांब रे, कोंबड्या. पत्रकं बंद कर. जिथं नुसती तीच गेली तिथं पोरं ओढतातच, काहीच न गेलेल्या पेठेसारखी. तुझ्या कागदात भडंग बांधतात. तो पैसा आखाड्याच्या मातीत घाला, शेजारच्या पेठेतली पोरंही उतरतील."

मी चार दिवस धुमसलो. पाचव्या दिवशी शेजारच्या पेठेतली पोरं लंगोट कसून आखाड्यात उतरली. काय तो शड्डूंचा आवाज! माझ्या कुठल्याच पत्रकानं एवढा आवाज केला नव्हता.

निवृत्त होऊन बाई गडहिंग्लजला निघाल्या. एसटी स्टँडवर मी खिडकी धरून म्हणालो, "तुम्ही होता म्हणून, बाई..."

गाडी हलली. आतून शब्द आलाच, "नाहीतर?"

"नाहीतर मी अजून आरवतच बसलो असतो!" मी गाडीमागं धावत ओरडलो.