अँटिमनी कमी पडलं तेव्हा

अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या ज्या कारखान्यात मी टेस्टिंगला होते, तिथे झिंक ऑक्साइडच्या चकत्या बनायच्या. तारांवर वीज पडली की तिचा दणका जमिनीत सोडणारे अरेस्टर असतात, त्यांत त्या बसतात. त्यांना फुटेपर्यंत छळायचं, हे आमचं काम. प्रेसखाली चिरडायचं, नाहीतर पोलादी पेटीत ठेवून विजेचा झटका द्यायचा. चकती फुटली की गोळी सुटल्यासारखा आवाज यायचा.

नुसतं झिंक ऑक्साइड भाजून भागत नाही. त्यात थोडं बिस्मथ, थोडं अँटिमनी, असं काहीबाही मिसळावं लागतं. बिस्मथ भट्टीत वितळून कणांच्या मधे शिरतं आणि कण वाढवतं. अँटिमनी त्यांना वाढू देत नाही. कण बारीक राहिले की चकती मजबूत होते.

त्या उन्हाळ्यात अँटिमनीचा माल बंदरात अडकला. भट्टी विभागाच्या साहेबांनी ते निम्म्यावर आणलं आणि विजेची मापं जुळावीत म्हणून चकती थोडी जाड केली. मापं जुळली, पण प्रेसखाली चकत्या पटापट मोडायला लागल्या.

"मॅडम, तुमचा प्रेस तपासा," ते म्हणाले.

प्रेस ठीक होता. मी पुन्हा त्यांच्याकडे गेले. "झटक्याने चकती आतून तापते सर, ताणली जाते. ही टिकायची नाही."

"माझी भट्टी मला शिकवू नका!" ते सगळ्या शेडसमोर ओरडले.

माझ्याबरोबर टेस्टिंगला जवळच्या सिंधी वस्तीतली, कॅम्प पाचची एक मैत्रीण होती, माझ्याच वयाची. दुपारी तिने नव्या चकतीला झटका दिला. धडाम झालं. पेटीच्या काचेतून एक तुकडा आरपार आला आणि तिचा गाल डोळ्याखालपासून फाडत गेला. मी ओढणी दाबून धरली. माझ्या कोपरापर्यंत रक्त आलं.

साहेब धावत आले. पहिलं वाक्य काय, तर, "पेटीचं दार नीट लावलं नव्हतं ना?"

मी त्यांना दोन्ही हातांनी ढकललं. ते रॅकवर आदळले. उठून त्यांनी माझं मनगट असं पिरगाळलं की मी गुडघ्यांवर आले.

तेवढ्यात मागे ठण्ण असा आवाज झाला. मैत्रिणीने हातोडा उचलला होता. एका हाताने गालावर ओढणी, दुसऱ्या हाताने ट्रेमधल्या नव्या चकत्यांवर घाव. एकेका घावात एकेक चकती फुटत होती. ती सिंधीत शिव्या घालत होती, रडत होती. मला वाटलं, पुढचा घाव साहेबांच्या डोक्यात.

शेजारच्या ट्रेमध्ये जुन्या मिश्रणाच्या चकत्या होत्या. त्यातल्या एकीवर घाव बसला आणि हातोडाच उलटा उसळला. चकतीची फक्त कड गेली. तिने पुन्हा मारलं. नाही फुटली.

साहेबांनी माझं मनगट सोडलं. हातोडा तिच्या हातातून काढून घेतला आणि त्या जुन्या चकतीवर स्वतःच तुटून पडले. मारत राहिले, ती फुटेपर्यंत. मग नवी घेतली. एका घावात तिचे तुकडे. ते तिथेच जमिनीवर बसले.

"गाडी काढा," एवढंच म्हणाले.

तिला टाके पडले. डोळा वाचला. दुसऱ्या दिवशी मी दोन्ही चकत्यांचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली धरले. नवीन चकतीत कण चांगलेच मोठे झाले होते आणि तडा कणाकणाच्या मधल्या कमजोर थरातून सरळ धावत गेला होता. जुनीत कण बारीक, तडा वळणं घेत अडखळलेला. साहेबांनी बराच वेळ डोळा लावून पाहिलं. मग तो सगळा माल भंगारात टाकायला लावला आणि अँटिमनी येईपर्यंत भट्टी बंद ठेवली. माझ्या मनगटाकडे बघून म्हणाले, "चुकलं माझं." मनगट सुजलं होतं, आणि मला ते शब्द तेव्हा नकोच होते.

मैत्रीण कामावर परत आली तेव्हा तिला भेटायला मी कॅन्टीनमध्ये थांबले होते. गालावर लाल रेघ.

"दुखतं का?"

"हसलं की दुखतं," ती म्हणाली. "और सुन, धक्का तूने क्यों मारा? मला मारायचं होतं त्याला."

आणि ती हसली, गाल धरून.