फेस जिरू दे

कोल्हापुरात दारू पिणाऱ्यांची कधी टंचाई नव्हती. टंचाई होती ती गप बसून पिणाऱ्यांची. एक घोट घेतला की इथल्या माणसाला मत फुटतं, आणि दुसऱ्या घोटाला ते मत अख्ख्या गल्लीला ऐकू जातं. मी हे ऐकीव सांगत नाही. उमेदीची काही वर्षं मी ही मतं पगारावर ऐकली आहेत.

महाराज गादीवर येऊन बरीच वर्षं झाली होती आणि गावात कुस्तीला सोन्याचे दिवस आले होते. लष्कराच्या बाजूला एका पारशी शेठजींचं विलायती मालाचं दुकान होतं, तिथे मी कारकून होतो. दुकानात बिस्किटं, मेणबत्त्या, साबण, तापाची औषधं असा सगळा माल असे आणि मागच्या खोलीत बाटल्या. आजऱ्याला घरी मी ‘औषधांच्या दुकानात आहे’ एवढंच कळवलं होतं. त्यात खोटं काही नव्हतं. आमची बरीच गिऱ्हाइकं औषध म्हणूनच न्यायची आणि रोज आजारी पडायची.

दुकानाला लांब पडवी होती. तिच्यात दोन बाकडी आणि शेठजींची वेताची आरामखुर्ची. संध्याकाळी बाकड्यांवर तिघे ठरलेले. पहिले सुभेदार, पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले. तरुणपणी एकदा एडनला जाऊन आल्यामुळे जगातल्या कुठल्याही विषयावर त्यांचा शब्द शेवटचा असे. दुसरे वस्ताद. गंगावेशीकडल्या एका तालमीत ते पोरांना कुस्ती शिकवायचे आणि दारू पिणाऱ्या पोराला काठीने बडवायचे. ते स्वतः मात्र हवापालट म्हणून आमच्या पडवीत येत. तिसरे शिरोळकडचे पाटील. गुळाच्या गाड्या घेऊन पेठेत यायचे. गाड्या एका दिवसात रिकाम्या व्हायच्या, पण पाटलांचा मुक्काम काही संपायचा नाही.

दुकानाचे दिवस तेव्हा बरे नव्हते. लष्करातले साहेब लोक कमी झाले होते, ब्रँडीच्या बाटल्यांवर धूळ बसत होती. शेठजींचे भाऊ मुंबईला बोलावत होते, दुकान मोड आणि ये म्हणून. शेठजींना जायचं नव्हतं. बायको इथेच गेली, रंकाळ्याचा वारा अंगाला लागला की तिची आठवण येते, असं ते उघड सांगत. मग नाक शिंकरत आणि मला उगीच एखादं काम सांगत.

अशात उत्तरेकडच्या डोंगरातल्या बियरच्या एका मोठ्या कारखान्याचा गोरा एजंट आमच्याकडे उतरला. कारखान्याने पोर्टर नावाची काळीभोर बियर नव्याने काढली होती आणि तीही दोन तऱ्हांची. लाल चिठ्ठीची जरा मवाळ, काळ्या चिठ्ठीची कडक. गवताच्या टोप्या घातलेल्या बाटल्यांच्या पेट्या त्याने आमच्याकडे ठेवल्या आणि सांगितलं, ‘इथल्या पिणाऱ्यांना पाजून बघा. थंडीत मी परत येईन आणि त्यांची मतं माझ्या कानांनी ऐकेन. पसंत पडली तर सगळ्या संस्थानाची एजन्सी तुमची, नाही तर बेळगावचा दुकानदार टपलेलाच आहे.’ शेठजींनी त्या पेट्यांवरून असा हात फिरवला, जसा आपण गाभण म्हशीवर फिरवतो. एजन्सी मिळाली तर दुकान टिकणार होतं, शेठजी राहणार होते आणि मलाही आजऱ्याला जाऊन भाताची रोपं लावावी लागणार नव्हती.

आणि हे सगळं कुणाच्या मतावर? तर ह्या तिघांच्या.

पहिल्या संध्याकाळी मी लाल चिठ्ठीची बाटली उघडली. ओल्या पोत्यात गुंडाळून ती दिवसभर हौदाकाठी ठेवली होती. शेठजींनी शिकवल्याप्रमाणे पेला तिरका धरून ओतली. वर दोन बोटं फेस आला, दाट, बदामी. बघून मला स्वतःचंच कौतुक वाटलं. पेला मी सुभेदारांपुढे ठेवला. सुभेदारांनी पेल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“गवळी कवापास्नं झालास?” ते म्हणाले.

आता बाहेरच्या माणसाला हे उलगडून सांगायला हवं. आमच्या गावात संध्याकाळी म्हशी चौकात उभ्या करतात आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत पेल्यात धार काढून देतात. गवळी बेरकी असेल तर हात उंच धरून लांब धार मारतो. पेला भरलेला दिसतो, पण निम्मा फेस. म्हणून कोल्हापूरचं पोर बोलायला लागलं की ‘आई’नंतर लगेच ‘फेस जिरू दे’ म्हणायला शिकतं. फेस मापात धरायचा नाही, हा आमच्याकडचा कायदा. तो दरबाराने केला नसला तरी दरबाराच्या कुठल्याही कायद्यापेक्षा जास्त पाळला जातो.

“आदी फेस जिरू दे, मग माप भर,” वस्ताद म्हणाले. “आमाला काय येडं समजतोस व्हय?”

“वस्ताद, ह्या बियरला फेस लागतोच. फेस गेला की चव जाते,” मी म्हणालो.

“गवळी बी ह्येच सांगतोय की!” पाटील म्हणाले आणि तिघे गडगडून हसले.

शेठजींनी आरामखुर्चीतून समजावलं, “अरे बाबा, फेस म्हंजे तर बियरचा जीव हाय नी!” त्यावर सुभेदारांनी प्रेमाने सांगितलं, “शेट, तुमी भोळं हायसा. त्या कारखानेवाल्यानं तुमाला फशीवलंय.” मग तिघे पेल्यांकडे बघत बसले. फेस खाली गेला. मी वर ओतलं. पुन्हा थोडा फेस आला, पुन्हा वाट बघणं. सुभेदार तर बोटाने फेस काढून पडवीखाली झटकत होते. शेवटी पेले काठोकाठ भरले तेव्हा आतल्या बियरमध्ये एक बुडबुडा शिल्लक नव्हता आणि गारवाही नव्हता. त्या निपचित पडलेल्या काळ्या पाण्याचा तिघांनी घोट घेतला आणि मग मतं सुरू झाली.

“करपल्याली भाकरी भिजवून पिळल्यागत लागतंय,” वस्ताद म्हणाले.

“आमच्या गुऱ्हाळात कायलीचं बूड धुतल्यावर आसंच पाणी निघतंय,” पाटील म्हणाले. “ते आमी फुकट वतून देतो.”

सुभेदारांनी डोळे मिटून बराच विचार केला. “एडनमधी ही प्यालोय मी,” ते म्हणाले. “ती निराळी हुती.”

पुढचे कितीतरी दिवस हेच चाललं. काळ्या चिठ्ठीलाही तोच कायदा लागू झाला. एका दिवशी वस्तादांनी मीठ टाकून बघितलं. दुसऱ्या दिवशी पाटलांनी त्यात गुळाचा खडा टाकला आणि आपल्या गुळाची तारीफ केली. मटणाच्या तांबड्या रश्श्याबरोबर घेतली तेव्हा मात्र सगळे म्हणाले की उत्तम लागते. काय उत्तम लागतं विचारलं तर म्हणाले, रस्सा. मी रोज फेसाची बाजू मांडली आणि रोज हरलो. वकिली केली असती तर उपाशी मेलो असतो.

शेवटी मी एका संध्याकाळी चिडून सगळं सांगून टाकलं. एजंट येणार आहे, तुम्ही नावं ठेवलीत तर एजन्सी बेळगावला जाईल, दुकान मोडेल आणि शेठजी मुंबईला जातील. तिघांचे चेहरे खरोखर उतरले. सुभेदार उठले, शेठजींच्या खुर्चीपाशी गेले आणि म्हणाले, “शेट, तुमी आमाला सोडून जायाचं न्हाय. साहेब येऊ दे. त्येचा पावनेर आसा करतो की जलमभर काढंल नाव.”

मला तेव्हाच धडकी भरायला हवी होती. उलट मी इतका भारावलो की रात्री आजऱ्याला निरोप धाडायचा विचार केला, पुढच्या पावसाळ्यात रोपं लावायला माणूस बघा म्हणून.

एजंट आला त्या दिवशी पडवी सारवलेली, बाकड्यांवर घोंगडी अंथरलेली. वस्ताद ठेवणीतला फेटा बांधून आले. पाटलांनी गुळाची नवी ढेप आणली, ती कशासाठी हे अजून कुणाला माहीत नाही. सुभेदारांनी पलटणीतली पदकं लावली आणि एजंटाला असा कडक सलाम ठोकला की तो बिचारा दचकून दारातच उभा राहिला. शेठजी त्याला माल कसा नीट ठेवलाय हे दाखवायला मागच्या खोलीत घेऊन गेले. जाताना मला म्हणाले, “डिकरा, पेले भरून ठेव. बरोबर भर.”

मी लाल चिठ्ठीची बाटली उघडून पहिला पेला भरला. असा सुरेख फेस मला पुन्हा कधी जमला नाही. तेवढ्यात सुभेदारांनी बाटली माझ्या हातातून काढून घेतली.

“पावण्याला फेस पाजतोस? गावाची आब्रू घालवतोस व्हय रं?”

मी बाटली ओढली. वस्तादांनी माझा दंड नुसता धरला. वस्तादांनी धरलेला दंड म्हणजे काय हे ज्याला माहीत आहे त्याला पुढचं सांगायची गरज नाही. सुभेदारांनी चमच्याने एकेका पेल्यातला फेस काढला. वर ओतलं, पुन्हा काढला. एजंटाचा पेला तर त्यांनी अशा मायेने भरला की लेकीला सासरी धाडताना आईनेही ओटी तशी भरली नसेल. काळी बियर काठावरून गळायला आली होती. पाटील म्हणाले, “आता कसं, माप झालं!”

एजंट बाहेर आला. सुभेदारांनी तो पेला दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरला. त्याने पेल्याकडे बघितलं, नाकाशी नेला, एक घोट घेतला आणि त्याचा चेहरा बदलला. बाकीचे पेलेही त्याने निरखले. सगळे तसेच, मेलेले. मग त्याने मोडक्या हिंदुस्तानीत तिघांना मत विचारलं. तिघांनी ते दिलं आणि मनापासून दिलं. मी बजावलेलं ते विसरले नव्हते, पण नावं ठेवणं निराळं आणि तोंडावर दोष सांगणं निराळं; तोंडावर दोष सांगितले की माल सुधारतो आणि दुकानदाराचं भलं होतं, अशी त्यांची पक्की समजूत होती. भाकरीचं झालं, कायलीच्या बुडाचं झालं, एडनचंही झालं.

एजंट शेठजींकडे वळून इंग्रजीत बोलला. मला तेवढं इंग्रजी समजत होतं. तो विचारत होता की बाटल्या उन्हात ठेवल्या होत्या का, कारण कारखान्यातून माल असा निघत नाही.

शेठजींनी पेल्यांकडे बघितलं, तो चमचा बघितला, माझा धरलेला दंड बघितला. त्यांना सगळं कळलं. एका वाक्यात ते सांगू शकले असते. पण सुभेदार छातीवर पदकं लावून, साहेबाला आवडली का हे बघत ताठ उभे होते. शेठजी इंग्रजीत म्हणाले, “खोली जरा गरम असते. चूक माझी आहे.”

मला त्यांचा असा राग आला की सांगता सोय नाही. अजूनही येतो. तीन म्हाताऱ्यांचं एका गोऱ्यासमोर हसू होऊ नये म्हणून ह्या माणसाने दुकान घालवलं, आणि त्या तिघांना त्याचा पत्ताही नव्हता. ते एजंटाला गुळाची ढेप बांधून देत होते.

एजन्सी बेळगावला गेली. शेठजींनी माल विकला, भाड्याची जागा सोडली. जायच्या दिवशी दुपारी टांगा दाराशी उभा होता, सामान चढलं होतं. एक लाल चिठ्ठीची बाटली तेवढी मागे राहिली होती. शेठजींनी ती स्वतः उघडली आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिघांना स्वतःच्या हाताने ओतून दिली. फेस चांगला दोन बोटं आला. सुभेदारांचं बोट सवयीने पुढे सरकलं आणि थांबलं. निघालेल्या माणसाने हाताने दिलेल्या पेल्याचं माप कसं काढायचं? तिघांनी फेसासकट पेले तोंडाला लावले.

बराच वेळ कुणी बोललं नाही. कोल्हापुरात असं होत नाही, म्हणून मी सांगतोय. सुभेदारांच्या पांढऱ्या मिशीवर बदामी फेस लागला होता. डोळे भरले होते.

“शेट,” ते म्हणाले, “ही तिसरी कुठली? ही कुटं दडवून ठेवलीतीसा?”

मी खरं सांगायला तोंड उघडलं. शेठजींनी बाटलीवरची लाल चिठ्ठी अंगठ्याने खरवडून काढली, तिची गोळी करून खिशात टाकली आणि म्हणाले, “तुमच्यासाठीच ठेवली होती. आज दिली नी.”

मग ते टांग्यात बसले. टांगेवाल्याने घोड्याला हाक दिली. शेठजींनी मागे वळून बघितलं नाही, कारण वळले असते तर टांगा हलला नसता.

मी आजऱ्याला जाऊन भात लावला. पुढे कैक वर्षांनी कामासाठी कोल्हापुरात गेलो तेव्हा त्या पडवीत कापडाचं दुकान झालेलं होतं, पण पलीकडच्या पारावर सुभेदार आणि वस्ताद बसलेले होते. पाटील तोवर गेले होते. मला बघून दोघांना आनंद झाला. वस्तादांनी चौकातून दूध मागवलं, फेस जिरेपर्यंत मला पेल्याला हात लावू दिला नाही, आणि मग शेठजींचा विषय निघाला.

“माणूस लाखमोलाचा,” सुभेदार म्हणाले. “पर धंद्यात कच्चा. आसला चांगला माल घरात आसताना दडवून ठेवला आन् त्या साहेबापुढं भलतंच काळं पाणी मांडलं. ती तिसरी त्या दिवशी काढली आसती तर आज बी हितंच आसता आमचा शेट.”

एवढं बोलून त्यांनी डोळे पुसले. मी दूध प्यालो आणि व्हय म्हणालो.