पाठीवरची माती

"तेल नाही हो पंच, कातडीच तशी असते ह्यांची. मुर्धा गावचा कोळी आहे आमचा." असं म्हणत आमच्या कॅप्टनने माझा दंड उचलून हुंगला आणि नाक चिमटीत धरलं. अख्खं मैदान हसलं.

कॉलेजा-कॉलेजांतला कबड्डीचा सामना. समोरच्या संघाची तक्रार होती की मी अंगाला तेल चोपडलंय, म्हणून पकडीतून निसटतो. पंचांनी पाठीवरून हात फिरवला. घाम होता नुसता. तिथं विषय संपायला हवा होता. पण कॅप्टनने ओंजळभर माती उचलली आणि माझ्या पाठीला फासली. "होडी कोरडी केली. चला, खेळा आता."

मीही हसलो. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली. मी हसलो.

तो सामना आम्ही जिंकलो. मग पुढच्या सामन्याआधी तोच प्रकार, शकुन म्हणून. सगळा संघ रांगेत. प्रत्येकाची एक मूठ, एक थाप. "होडी तयार का रे?" आम्ही जिंकत गेलो, थापा जोरात पडत गेल्या. संघाच्या सरांनाही गंमत वाटायची. सामना संपला की कॅप्टन खांद्यावर हात टाकून भजी खायला न्यायचा. मी खायचो आणि चोरून त्याच्याकडे बघायचो. काय आहे ह्याच्या मनात? प्रेम म्हणावं, तर एकदा तरी स्वतःच्या पाठीला का लावून घेत नाही? विचारलं नाही. संघातली जागा जाईल, ही भीती.

घरी बनियनला लागलेली माती बघून बाबांनी विचारलं. मी म्हणालो, "शकुन हाय बाबा. मला लावल्याबिगर संघ उतरत न्हाय." त्यांची छाती फुगली. खाडीवर, भाईंदरच्या बाजारात, गोडदेव गावच्या पाहुण्यांत, सगळीकडे सांगून आले.

फायनलला बाबा आले. धुतलेला सदरा, हातात रुमालाची पुरचुंडी. थेट कॅप्टनसमोर.

"कप्तानसाहेब, ही आमच्या दारातली माती हाय. आज हीच लावा पोराला."

कॅप्टनने बाकीच्यांना डोळा मारला. "वा काका. होडी तुमची, मातीपण घरची. आणा."

पोरं फिदीफिदी हसली. बाबाही हसले. मान मिळाला असं त्यांना वाटलं.

मी पुरचुंडी त्यांच्या हातातून काढून घेतली. "माझ्या अंगाला कुणी हात लावायचा नाही."

"शकुन मोडतोस?" कॅप्टन म्हणाला. "हरलो तर?"

"हरा."

सर मध्ये पडले. "मस्करी कळत नाही का तुला? लावून घे आणि उतर. नाहीतर बाहेर बस."

मी बाहेर बसलो. संघ जिंकला. माझ्याशिवाय आणि मातीशिवाय.

भाईंदरहून चालत येताना बाबांनी विचारलं, "तुला कशाला न्हाय खेलवला रं?" मी सगळं सांगितलं. पहिल्या हुंगण्यापासून. ते मिठागराच्या बांधावर थांबले.

"मंग माझ्याशी खोटा का बोललास?"

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून."

"त्यांच्यासंगती मी पन हसलो रं."

माती संघाने फासली. पण मान म्हणून ती बापाच्या पुढ्यात ठेवली मी. आज कुणी माझ्या गावावरून, वासावरून विनोद केला की मी हसत नाही. तिथंच त्याला थांबवतो. आणि जे घडलं तेच घरी सांगतो, अपमानाला अपमान म्हणूनच. ऐकणाऱ्याला वाईट वाटलं तर वाटू दे.