दोन हरभऱ्यांची रिम

सांगलीच्या बाजारात अण्णांचं सायकलच्या सामानाचं दुकान होतं, आणि गिऱ्हाईक मागेल तो टायर त्याला न देणं हा त्या दुकानाचा मुख्य धंदा होता. आपण म्हणायचं, "अठ्ठावीसचा टायर द्या." अण्णा आपल्याकडे बघायचेच नाहीत. ते चाकाकडे बघायचे, जुना टायर उतरवायचे, शर्टाच्या खिशातून दोन कच्चे हरभरे काढायचे आणि रिमच्या आतल्या खोबणीत शेजारी शेजारी आडवे बसवायचे. दोनच मावले, तर तेवीस मिलीमीटर रुंदीचा टायर, फार तर पंचवीस. तिसरा मावला, तर पुढचं बोलणं. "आवं अण्णा, पण मला अठ्ठावीसच पायजे," असं कुणी म्हटलं की उत्तर ठरलेलं, "तुमाला पायजे. रिमला इचारलं का?"

दुकानात मोजायचं चांगलं यंत्र होतं, पडद्यावर आकडे दाखवणारं. ते डबीतून कधी बाहेर आलं नाही. "त्येला सेल लागतोय," म्हणायचे, "हरभऱ्याला लागतोय का?" खिशातल्या त्या हरभऱ्यांची अक्कांनी एकदा चुकून उसळ केली आणि तिला आठवडाभर ग्रीसचा वास येत होता, असं बाजारात बोललं जायचं. अक्का म्हणजे अण्णांच्या मंडळी. त्यांना विचारलं तर त्या म्हणायच्या, "एकदा न्हाई, दोनदा."

अण्णा जैन. सूर्य बुडायच्या आत जेवण झालंच पाहिजे. त्यामुळे उन्हं कलली की हातातलं काम जिथं असेल तिथं थांबायचं. अर्धा बसवलेला टायर, सुटी चेन, उघडा हब, काहीही असो. गिऱ्हाइकाच्या एका हातात चाक, दुसऱ्या हातात उरलेली सायकल द्यायची आणि शटर ओढायचं. एक बँकेतले साहेब असे विश्रामबागेपर्यंत चालत गेलेले मी पाहिलेत. दुसऱ्या दिवशी तेच साहेब पुन्हा दारात. कारण टायर बसवावा तर अण्णांनीच.

मी तेव्हा एकोणीस वर्षांचा, कोरेगाव तालुक्यातला, नववीत शाळेला रामराम केलेला, सांगलीत हळदीच्या गोदामात पोती शिवत होतो. मला एकच गोष्ट जमायची, चढावर सायकल मारणं. पाचगणीच्या एका शाळेतल्या निवृत्त सरांकडून मी जुनी लोखंडी रेसची सायकल आणली होती. बारीक नळ्या, बारीक चाकं, रंग उडालेला. त्या वर्षी वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणी आणि तसंच परत खाली, अशी शर्यत होती. पहिल्या तिघांना पुण्यात सरावाच्या वसतिगृहात घेणार होते. राहणं, खाणं, शिकवायला माणूस. पोत्यांच्या सुतळीतून सुटायची मला दुसरी वाट दिसत नव्हती. मी रोज मनात पहिला यायचो आणि रोज भीतीनं जेवण जायचं नाही.

मोबाईलवर एक गोरा माणूस त्या दिवसांत मला रोज सांगायचा की जाड टायर जास्त पळतो. बारीक टायरचा जमाना गेला. मी अण्णांकडे गेलो आणि बत्तीसचा मागितला. अण्णांनी हरभरे टाकले. दोन. तिसरा नुसता काठावर नाचला.

"तेवीस," अण्णा म्हणाले.

"अण्णा, आता समदं जग जाड टायर लावतंय. हे बघा." मी मोबाईल पुढे केला.

अण्णांनी चष्मा वर करून बघितलं. "त्येची रिम बघितलीस का? त्या रिमात मी पाट टाकून जेवायला बसंन. तुझी बघ. अरं, रिम म्हंजे पाट आणि टायर म्हंजे जेवणारा. एवढ्याशा पाटावर लठ्ठ माणूस बसीवला, तर गप बसलाय तोवर ठीक. वाढप्यानं हाक मारली आन् त्यो वळला, की गेला लवंडत आमटीत. घाटात वळणं किती हायत?"

"मी हळू वळंन."

"शर्यतीत?"

मी रागानं उठलो आणि दुसऱ्या दुकानातून बत्तीसचे दोन टायर आणले. बसवले. फ्रेम आणि टायर यांच्यामध्ये जेमतेम कागद सरकेल एवढी फट राहिली. चाक बल्बसारखं दिसायचं, बुडाशी बारीक आणि वर फुगलेलं. मला ते फार रुबाबदार वाटलं.

शर्यतीच्या सकाळी वाईत कृष्णेच्या पुलाजवळ आम्ही चाळीसेक पोरं रांगेत उभी. आणि गर्दीतून कोण यावं, तर अण्णा. पहाटेची एसटी पकडून, साताऱ्याला गाडी बदलून, धोतर सावरत. मला वाटलं, पाठ थोपटायला आलेत. ते सरळ चाकाशी बसले. टायर दोन्ही हातांनी धरून आडवा हलवला. तो रिमवर डावी-उजवीकडे डुलला.

"काढ."

"अण्णा, पाच मिनटं राहिलीत. आता काय काढू?"

"मग गाडी सोड."

"न्हाई."

अण्णांनी पुढच्या चाकाचा वॉल्व्ह सोडला. मी ओरडेपर्यंत मागचाही सोडला. फुस्स आवाज झाला आणि शेजारची पोरं हसायला लागली. माझा पंप अण्णांनी बगलेत मारला आणि ते चक्क माझ्या सायकलवर, मधल्या नळीवर, बूड टेकून बसले. शिट्टी वाजली. चाळीसातली एकोणचाळीस पोरं निघून गेली.

मी त्यांना काय काय बोललो ते लिहिता येणार नाही. निम्मं घरी शिकलेलं होतं, निम्मं गोदामात. अण्णा ऐकत होते. मी दम घ्यायला थांबलो तेव्हा म्हणाले, "दे की अजून. श्या द्यायला माणूस धडधाकट लागतंय. तू हायस."

त्यानंतर मी त्यांचं तोंड पाहिलं नाही. दसरा गेला, दिवाळी गेली. मग एक दिवस माझ्या चाकाची ट्यूब गेली आणि त्या मापाची ट्यूब अख्ख्या सांगलीत फक्त अण्णांकडे निघाली. मी दारात उभा राहिलो. त्यांनी चाक घेतलं, बत्तीसचा टायर उतरवून कोपऱ्यात भिरकावला, तेवीसचा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "बसीव. हत्यार लावायचं न्हाई, अंगठ्यानं." माझे अंगठे सोलले. टायर बसला. "पोत्यापरीस बरं हाय का न्हाई?" एवढंच विचारलं. दुसऱ्या दिवसापासून मी गोदामात गेलो नाही. चार वर्षं त्यांच्याकडे राहिलो, शिव्या खाल्ल्या आणि अक्कांच्या हातचं उन्हं कलायच्या आत जेवलो.

आता मी दुबईत सायकलींच्या वर्कशॉपमध्ये आहे. इथं येणाऱ्यांच्या सायकली माझ्या गावातल्या घरांपेक्षा महाग. माझ्याकडे शाळेचा दाखला सोडून कागद नाही, म्हणून दर वेळी व्हिसाचं नूतनीकरण आलं की आता परत पाठवतील असं वाटतं. प्रत्येक चाक मी तीनदा तपासतो. पण अण्णांनी हाताला काम शिकवलं होतं म्हणून ठेवून घेतलंय, हे मला रोज कळतं.

गेल्या वर्षी अण्णांच्या मुलीनं मिरजेच्या दवाखान्यातून व्हिडिओ कॉल लावला. अण्णा उशीएवढे झाले होते. मला वाटलं, कामाचं विचारतील. त्यांनी मुलीला बाहेर जायला सांगितलं.

"गड्या, एक सांग. आता तुला माझ्यापरीस जास्त कळतंय. तवा टिकला असता का रं त्यो टायर?"

उभ्या जन्मात कुणाला 'टायर कुठला घालू' म्हणून न विचारलेला माणूस. "न्हाई अण्णा," मी म्हणालो, "पयल्याच वळणाला गेला असता. मी ऱ्हायलो नसतो."

"व्हय ना?"

"व्हय."

त्यांनी डोळे मिटले. "मग बरं," म्हणाले. महिनाभरात ते गेले. मला रजा मिळाली नाही.

खरं सांगायचं तर मला माहीत नाही. तसले टायर तशा रिमवर पळालेले मी इथं पाहिलेत, आणि निसटलेलेही. आमच्या वर्कशॉपच्या भिंतीवर अगदी तसलीच एक जुनी रिम टांगलेली आहे, आणि खालच्या फळीवर बत्तीसचे टायर. चढवून, हवा भरून, आडवं हलवून बघायला दहा मिनिटं पुरतील. रोज मी तिच्या खालून जातो. अजून हात लावलेला नाही.