भावजींचा ग्रह आणि शेजारचा तारा

माझे धाकटे दीर दातांच्या कवळ्या बनवतात. दवाखान्यामागच्या खोलीत दिवसभर परक्यांच्या हिरड्यांचे साचे पुढ्यात घेऊन बसतात आणि घरी आले की गच्चीवर जाऊन आकाश बघतात. सासूबाई म्हणतात, "याला अख्खा माणूस कधी दिसतच नाही. एक तर दात, नाही तर तारे."

गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी त्यांची दुर्बीण आहे. तिच्यापायी तिथे कपडे वाळत घालायचे नाहीत, पाय आपटायचे नाहीत, मोठ्याने शिंकायचं नाही. माझ्या बाळंतपणात मला कुणी इतकं जपलं नव्हतं.

पण या महिन्यात त्यांचं नशीब उजाडलं. वेधशाळेने हौशी मंडळींना कळवलं, की एका तेजस्वी ताऱ्याभोवती एक राक्षसी ग्रह फिरत असावा. तो समोरून जातो तेव्हा ताऱ्याचा उजेड शंभरातला एक भाग उणा होतो. मात्र ज्या छोट्या कॅमेऱ्याने हे टिपलं, त्याची नजर जाडीभरडी. जवळजवळचे तारे त्याला एकच वाटतात. उजेड नक्की त्याच ताऱ्याचा घटतो का, हे गच्चीवाल्यांनी पाहून सांगायचं. खात्री पटली, तर मोठ्या दुर्बिणी त्या ग्रहाचं वजन काढणार, आणि शोधाच्या लेखात भावजींचं नाव छापून येणार.

"म्हणजे स्थळाची चौकशीच की," मी म्हटलं.

"तसंच वहिनी. मुलगा त्याच घरातला की शेजारच्या, एवढं बघून यायचं."

धाकट्या जावेला एवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी भाजीवाली, शिंपीण, वरच्या मजल्यावरचे आजोबा, सगळ्यांना कळलं की "आमच्या ह्यांनी ग्रह शोधला." तिचा भाऊ भावजींना वर्षानुवर्षं 'रिकामटेकडे पाहुणे' म्हणत आलाय, त्याला तर तिने मुद्दाम फोन केला.

काल अंधार पडल्यावर ग्रह ताऱ्यासमोरून जायचा होता. भावजी आणि जाऊ वर गेली, मी खाली प्रार्थनेला बसले. सासूबाईंनी जेवण मागितलं, तेव्हा मी सांगितलं, "जरा थांबा, ग्रह जाऊ दे."

"जाऊ दे की. मी कुठे त्याला अडवलंय?"

अखेर भावजी खाली आले ते पडेल चेहऱ्याने. उजेड घटला होता, अगदी ठरल्या वेळी. पण शेजारच्या मिणमिणत्या ताऱ्याचा. आमचा तारा ढिम्म. मी मनात चरकले. मी देवाला नुसतं "उजेड कमी होऊ दे" म्हटलं होतं. कोणाचा, ते सांगायचंच राहून गेलं. आता देवाला बोल लावून कसं चालेल?

जेवणाच्या टेबलावर संगणक उघडून भावजींनी आम्हाला सगळं दाखवलं. ताऱ्याभोवती वर्तुळ काढायचं आणि आतला उजेड मोजायचा, अशी रीत. वर्तुळ लहान ठेवलं की आलेखाची रेघ सपाट. तेच त्यांनी मोठं केलं, शेजारचा तारा आत आला, आणि रेघेत मधोमध सुरेख खाच पडली, पुढचा दात पडावा तशी. त्यांनी लहान केलं. मोठं केलं. पुन्हा लहान, पुन्हा मोठं.

"मोठंच राहू द्या," जाऊ म्हणाली. "कोण बघायला येतंय?"

"अगं, तो कॅमेरा फसला तो असाच. मीही तेच पाठवलं तर माझा उपयोग काय?"

"उपयोग! मी दादाला काय तोंड दाखवू?"

वर्तुळ मोठंच होतं आणि भावजींचं बोट पाठवायच्या बटणापाशी.

सासूबाईंनी तोंडातली कवळी काढून वाटीत ठेवली. "ही आधी मला बोचत होती. मग तू काय केलंस रे?"

"घासून बसवली."

"माझं तोंड नाही ना ताणलंस?"

बोळक्या तोंडाने त्या हे इतक्या करड्या आवाजात म्हणाल्या, की जावेलाही हसू फुटलं. भावजी मात्र हसले नाहीत. त्यांनी वर्तुळ लहान केलं, सपाट रेघ पाठवून दिली आणि न जेवता झोपायला गेले.

आज सकाळी वेधशाळेचं उत्तर आलं. शेजारचा तो ठिपका म्हणजे एकमेकांना झाकणाऱ्या दोन ताऱ्यांची जोडी असणार. ग्रहाचा दावा बाद. मोठ्या दुर्बिणींचा वेळ वाचल्याबद्दल आभार. लेख नाही, नाव नाही.

जावेने ते दोनदा वाचलं, पदर खोचला आणि भावाला फोन लावला. मी म्हटलं, झालं, आता रडारड.

"दादा, तो ग्रह नव्हता... हरवला नाही रे, नव्हताच! ... मग? तो नाहीये हे कुणी शोधलं? ह्यांनीच! एवढी मोठी वेधशाळा, सगळे आहे आहे म्हणत बसलेले, आणि नाही म्हणायला आमचे हे लागले!"

समोर भावजी चहात बिस्कीट बुडवून बसले होते. बायकोकडे बघता बघता त्यांचं अर्धं बिस्कीट कपात पडलं, तरी हात आपला वरच.