चेंडूवरच्या खाचा

वॉल्टर पिरीने सेंट अँड्र्यूजमध्ये तीस वर्षं गोल्फचे चेंडू शिवले. टोपीभर उकडलेली पिसं ओल्या कातड्यात छातीचा जोर लावून कोंबायची. दिवसाकाठी तीन चेंडू झाले तरी पुष्कळ. पिसांच्या धुळीने खोकला कायमचा जडला, पण त्याच्या चेंडूला गावात तोड नव्हती.

मग शेजारच्या आर्ची लंडीला कुठूनसा परदेशी झाडाचा चीक मिळाला. गरम पाण्यात मऊ करायचा, तळहातावर वळायचा, झाला चेंडू! लंडी सकाळभरात दोन डझन वळी आणि वर शीळ घाली. ती ऐकली की पिरीच्या अंगाचा तिळपापड होई.

"कणीक मळतोय मेला! ही काय कारागिरी झाली?" तो बायकोवर डाफरला.

"मग तुम्हीही मळा की," क्रिस्टी म्हणाली. "निदान खोकला तरी थांबेल."

सोमवारी क्लबचे सभासद दोघांचे चेंडू मारून पाहणार होते. जो लांब जाईल, तोच यापुढे घेणार. लंडीचे गुळगुळीत चेंडू हवेत गटांगळ्या खातात अशी कुजबुज होती, पण नुसत्या कुजबुजीवर पिरीला झोप लागेना.

रविवारी सगळा गाव प्रार्थनेला बसलेला असताना पिरीला खोकल्याची उबळ आली. खरी की आणलेली, त्याचं त्याला ठाऊक. तो बाहेर पडला तो थेट लंडीच्या पडवीत. कातडं कापायच्या सुरीने त्याने टोपलीतल्या एकेका चेंडूवर आडव्यातिडव्या खाचा पाडल्या. असं समाधान त्याला जन्मात मिळालं नव्हतं.

लंडीला खाचा दिसल्या त्या ऐन निघायच्या वेळी; चेंडू पुन्हा मऊ करून वळायला वेळ नव्हता. सोमवारी तो पडेल चेहऱ्याने तेच चेंडू घेऊन आला.

पिरीचा चेंडू नेहमीसारखा झकास गेला. लंडीचा खाचा पडलेला चेंडू त्याच्याही पुढे गेला, तोही सरळ. दुसरा तसाच. तिसराही. सभासद टाळ्या वाजवू लागले आणि पिरी काळानिळा पडला.

संध्याकाळी लंडी त्याच्या दारात उभा. "वॉल्टर, सुरीचा असा तिरका हात गावात एकाचाच आहे."

"जा, कर तक्रार."

"कशाला? अरे, खाचांनी चेंडू गटांगळ्या खायचा थांबला! मला वर्षभरात जमलं नाही ते तू तासाभरात केलंस! उद्यापासून ये. मी वळतो, तू खाचा पाड."

तो मनापासून बोलत होता, आणि तेच पिरीला सहन होईना. चांगुलपणातही हा माणूस आपल्या पुढे! त्याने धाडकन दार लावलं.

सकाळी क्रिस्टीने सुरीला धार लावून त्याच्या हातात दिली. पिरी लंडीकडे गेला.